मायनिंगची पहिली नोकरी, नाशिकहून चंद्रपूर: निघण्याआधी काय माहीत हवं?

एकलहरेकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी एकलहऱ्याचा. वडील औष्णिक वीज केंद्रात होते, त्यामुळे लहानपण कॉलनीतच गेलं. नाशिकरोडकडून कोळशाची मालगाडी आली की आम्ही पोरं डबे मोजायचो. हा कोळसा येतो कुठून, असं एकदा बाबांना विचारलं, तर म्हणाले, "विदर्भातून. जमिनीच्या पोटातून." ते डोक्यात राहिलं असावं. बारावीनंतर नागपूरला मायनिंग मिळत होतं, ते घेतलं. घरात आजही नातेवाईकांना मी नेमका कसला इंजिनिअर आहे हे समजावून सांगावं लागतं.

आता बी.टेक. झालंय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या, कोळसा खाणीवर, कंत्राटदार कंपनीत, ग्रॅज्युएट ट्रेनी म्हणून पत्र आलंय. १५ तारखेला हजर व्हायचंय. वर्गातले अर्धे मित्र हिंजवडीला गेले, कोडिंग शिकून. आई म्हणते, अंबड-सातपूरला काहीतरी बघ, खाण म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. बाबा काहीच बोलत नाहीत.

मला जायचंय. पण पहिल्या वर्षात काय शिकायचं, ओपनकास्टने सुरुवात केली तर पुढे अंडरग्राउंडची दारं बंद होतात का, मॅनेजरच्या परीक्षेचं काय, हे सांगणारं घरात किंवा ओळखीत कुणी नाही. या क्षेत्रातलं कुणी इथे असेल तर मनापासून विनंती, लिहा.

पंचवटीचा नितीन

अभिनंदन मित्रा. पण एक शंका, राग मानू नकोस. जग सोलरकडे चाललंय. तुझी नोकरी अजून ३५ वर्षं चालायची आहे. तेव्हा कोळसा असेल का? माझ्या काकांची गिरणी बंद पडताना घरात काय झालं ते मी बघितलंय, म्हणून विचारतो.

सिन्नरची लेक

नितीनदादा, शंका रास्त आहे, पण आकडेही बघायला हवेत. २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या वर गेलं. हे एका रात्रीत थांबणार नाही. आणि मायनिंग म्हणजे फक्त कोळसा नव्हे. सोलर पॅनेल, बॅटऱ्या, पवनचक्क्या यांना लागणारं तांबं, निकेल, लिथियम जमिनीतूनच काढावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केलं ते त्यासाठीच. खडक फोडणं, छत सांभाळणं, हवा खेळवणं, पाणी उपसणं हे ज्याला येतं त्याला धातू बदलला तरी काम आहे.

धागाकर्त्यासाठी सविस्तर रात्री लिहिते, आता पाळी आहे.

ओझरचे काका

बाळ, धागा वाचला आणि चष्मा पुसून बसलो. मी ओझरचा. ३३ वर्षं वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींत काढली, त्यातली १९ जमिनीखाली. निवृत्त होऊन आता घरी आहे. जमेल तसं टाइप करतो.

आईला आधी एक सांग. खाणीत माणसं नशिबावर सोडलेली नसतात. भूमिगत खाणीत लॅम्प रूम असते. खाली जाणारा प्रत्येक जण तिथे पितळी टोकन देतो आणि त्या नंबरचा कॅप लॅम्प घेतो. टोकन बोर्डावरच्या खिळ्याला अडकतं. वर आल्यावर दिवा परत दिला की टोकन परत. पाळी संपल्यावर बोर्डावर एक जरी टोकन लोंबकळत राहिलं, तरी कुणी घरी जात नाही. मी नवा होतो तेव्हा रोज वर आल्यावर आधी त्या बोर्डाकडे बघायचो. शेवटच्या दिवशीही बघितलं. खाली जाताना झडती होते, काडेपेटी आणि विडी वरच ठेवायची, साहेब असो की डबे ढकलणारा ट्रामर.

धोका नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाळ्याच्या खाणीत पाणी घुसलं आणि ३७५ माणसं गेली. आमच्या पिढीला हा आकडा पाठ आहे. आज जे नियम जाचक वाटतात, त्यांतला एकेक नियम कुणाच्या तरी जिवावर लिहिला गेलाय.

आता तुझं पहिलं वर्ष. पिट ऑफिसातली खुर्ची आणि कॉम्प्युटर तुला लगेच मिळेल, कारण तुला एक्सेल येतं आणि जुन्यांना येत नाही. तिथे अडकू नकोस. सरदार आणि ओव्हरमन, म्हणजे पाळीत जागेवर तपासणी करणारे पर्यवेक्षक, यांच्या मागे हिंड. मला छत ओळखायला कॉलेजने शिकवलं नाही, एका सरदाराने शिकवलं. हातात लोखंडी सळई, डावा तळवा छताला चिकटवलेला, आणि उजव्या हाताने ठोका. मला म्हणाला, "आवाज आयका साहेब. खणखण वाजलं तं बरं. भदभद वाजलं तं थांबाचं नाही." पोकळ छताचा ठोका तळव्याला आधी कळतो, कानाला मागून. हे वाक्य वाचून ते कळणार नाही, दोन-तीन महिने रोज ठोकावं लागतं. ओपनकास्टमध्ये तीच गोष्ट बेंचची, म्हणजे खाणीच्या पायरीसारख्या टप्प्यांची. पावसानंतर बेंचच्या कडेला केसाएवढी भेग दिसते का, पायथ्याशी ताजी माती ओघळलीय का, डंपरच्या रस्त्याचा बांध कुठे बसलाय का, हे चालत फिरून बघायचं असतं. जीपमधून दिसत नाही.

दुसरी गोष्ट सहीची. ती उद्या लिहितो. ती जरा जड आहे.

एकलहरेकर

काका, टोकनचं आईला वाचून दाखवलं. तिने परत एकदा वाचायला लावलं.

अंबडचा मेकॅनिक

मी मायनिंगचा नाही, मेकॅनिकल डिप्लोमा. पण हा धागा मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलची पोरंही वाचतील म्हणून लिहितो. खाणीत तुमचीही गरज असते. १०० टनी डंपरचं एक चाक माणसापेक्षा उंच असतं. डंपर भरणारा शॉवेल बंद पडला की त्याच्याखालचे सगळे डंपर रांगेत उभे राहतात आणि प्रत्येक मिनिट मोजलं जातं. या मशिनरीच्या मेंटेनन्सला चांगला माणूस मिळत नाही. मी चार वर्षं सिंगरौलीकडे ड्रिल मशीनवर होतो, आता घरच्यांसाठी नाशिकला परतलो. ॲटलास कॉप्कोतून २०१८ मध्ये वेगळी झालेली एपिरॉक खाणीची यंत्रं बनवते आणि तिचा कारखाना आपल्या नाशिकमध्येच आहे, हे इथल्या किती पोरांना माहीत आहे? साइटवर काम केलेल्या माणसाला यंत्र बनवणारे लोक वेगळ्या नजरेने बघतात. म्हणजे एकदा गेलो की परत येता येत नाही असं नाही.

एकलहरेकर, एकच सांगतो. डंपरच्या आसपास चालताना ऑपरेटरच्या डोळ्यांत बघ. त्याने हात केला नाही तोवर त्याच्या पुढून जाऊ नकोस. केबिनमधून त्याला पुढचे कित्येक मीटर दिसतच नाहीत.

सिन्नरची लेक

आले. सविस्तर लिहिते.

मी भंडारा जिल्ह्यात मॅंगनीजच्या भूमिगत खाणीत आहे, नियोजन आणि जमिनीखालचं काम दोन्ही. लहानपणी शाळेची सहल सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेली होती. आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत अपोफिलाइटचे हिरवे स्फटिक आणि स्टिलबाइटचे गुलाबी पंखे तयार होतात, आणि ते आपल्याच भागातल्या खाणींत आणि विहिरी खणताना सापडतात, हे तिथे कळलं. त्या दिवसापासून दगडाकडे बघायची सवय लागली. मायनिंग घेतलं तेव्हा मात्र मुलींना जमिनीखाली कामच करता येत नव्हतं. १९५२ च्या खाण कायद्यातच तशी बंदी होती. २०१९ च्या सुरुवातीला ती शिथिल झाली आणि तांत्रिक, पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकीय पदांवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात महिलांना खाली जाता येऊ लागलं. कोल इंडियात पहिल्यांदा भूमिगत खाणीत महिला मायनिंग इंजिनिअर रुजू झाली ती २०२१ मध्ये, आकांक्षा कुमारी, झारखंडच्या चुरी खाणीत. ती बातमी मी आईला फोनवर वाचून दाखवली होती. इथे कुणी मुलगी वाचत असेल तर तिने खुशाल विचारावं, मी उत्तर देईन.

आता तुझा मुद्दा. ओपनकास्टने सुरुवात केली म्हणून दार बंद होत नाही, पण एक गोष्ट नीट समजून घे. खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे धनबादचं डीजीएमएस, मॅनेजरची प्रमाणपत्रं देतं. फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास. कोळशाचं वेगळं, धातूचं वेगळं. आणि त्यातही रिस्ट्रिक्टेड म्हणजे फक्त ओपनकास्टपुरतं. अंडरग्राउंडचा अनुभव नसेल तर तुला रिस्ट्रिक्टेडच मिळेल. बरेच जण सोय म्हणून ते घेतात आणि पाच वर्षांनी हळहळतात. तेव्हा पदवीनंतरचं वर्षभराचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, ज्याला सगळे पीजीपीटी म्हणतात, ते कुठल्या खाणीत होतंय आणि त्यात जमिनीखालचे दिवस किती धरले जाणार, हे रुजू व्हायच्या आधी लेखी विचार. प्रथमोपचाराचं आणि गॅस टेस्टिंगचं प्रमाणपत्र पहिल्याच वर्षात काढून टाक. परीक्षेच्या फॉर्मला लागतात आणि शेवटच्या क्षणी धावपळ होते.

गेट (GATE) या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा मायनिंग पेपरही सोडू नकोस. कोल इंडियाने मॅनेजमेंट ट्रेनी गेटच्या गुणांवर घेतले आहेत. रात्रपाळी करून अभ्यास होत नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे, होत नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी होतो. तेवढेच आठवडे धर.

ओझरचे काका

लेकीने परीक्षेचं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मी सहीचं सांगतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. खाणीचं नाव लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. पाळी सुरू व्हायची होती, ओव्हरमन रजेवर. वरच्या साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं, म्हणाले, तीन नंबर सेक्शनचं छत बघितलं असं लिही, उत्पादन अडलंय. मी म्हटलं, मी अजून गेलो नाही. ते म्हणाले, काल बघितलं होतंस ना, मग एका रात्रीत काय बदलणार? मी सही केली. वय २४. साहेबांना नाही म्हणायचं धाडस नव्हतं.

साडेदहाच्या सुमारास त्या सेक्शनमध्ये छत कोसळलं. दोन-अडीच मीटरचा पापुद्रा. चौघं चहाला मागे आले होते म्हणून वाचले. एका हेल्परचा पाय गुडघ्याखाली गेला. माझ्याच वयाचा होता. चौकशीत ते रजिस्टर टेबलावर उघडं होतं आणि त्यावर माझी सही होती. साहेबांनी तोंडी काय सांगितलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला शिक्षा झाली, ती योग्यच होती. त्या हेल्परला पुढे वरच्या कामावर घेतलं. दर दिवाळीला मी त्याच्या घरी जात राहिलो. त्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. त्याचा मला जास्त त्रास झाला.

म्हणून सांगतो बाळ. खाणीत पाळीची तपासणी कुणी करायची हे मॅनेजर लेखी नेमून देतो. ज्याला ते पत्र आहे, ज्याच्याकडे त्या कामाचं प्रमाणपत्र आहे, त्यानेच तपासायचं आणि त्यानेच लिहायचं. ट्रेनीकडे ते पत्र नसतं. तुझ्यापुढे रजिस्टर आलं तर शांतपणे म्हण, "साहेब, माझ्या नावाचं ऑथरायझेशन नाही." आवाज चढवू नकोस, वाद घालू नकोस. एवढं एकच वाक्य. आणि पुढे जेव्हा ते पत्र मिळेल, तेव्हा जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिही.

जेलरोडची आई

माझा मुलगाही चंद्रपूरला आहे, दोन वर्षं झाली. एकलहरेकर, तुमच्या आईंना सांगा, पहिले तीन महिने जीव टांगणीला लागतो. आमचं ठरलंय, पाळी संपली की त्याने फक्त "वर आलो" एवढा मेसेज टाकायचा. तो ओपनकास्टला आहे, पण शब्द तोच वापरतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट द्या आणि सातूचं पीठ द्या. जाताना विदर्भ एक्सप्रेसने वर्ध्याला उतरून बल्लारशाहकडची गाडी धरता येते.

विल्होळीचा शेतकरी

सगळं वाचलं. काकांचं वाचून वाईट वाटलं. पण आमचीही बाजू कुणीतरी मांडायला हवी. आमच्या शिवारालगत खडीची खाण आणि क्रशर आहे. सुरुंग उडाला की घराच्या भिंतीला तडे आणि टोमॅटोच्या पानावर पांढरी भुकटी. तुम्ही इंजिनिअर लोक उत्पादनाचं बोलता, आम्ही कुणाशी बोलायचं? हे पोरगं शिकून आलंय तर त्याने एवढं तरी लक्षात ठेवावं.

ओझरचे काका

भाऊ, तुमचा राग चुकीचा नाही. दगडाच्या छोट्या खाणी कायद्याच्या कडेला राहतात. बांधकामाच्या दगडाची उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, कामगार पन्नासपेक्षा जास्त नसतील आणि स्फोटकं वापरत नसतील, तर खाण सुरक्षेच्या कायद्याची बहुतेक कलमं तिला लागू होत नाहीत. पण सुरुंग उडतोय म्हटल्यावर ती सूट गेली. तिथे डीजीएमएसकडे तक्रार करता येते. अर्जात सुरुंगाची तारीख, वेळ आणि भिंतीच्या तड्याचे फोटो जोडा, नुसतं "त्रास होतो" लिहू नका.

सुरुंगाचा हादरा कमी करता येतो. सगळे होल एकदम न उडवता मिलिसेकंदांच्या फरकाने एकामागून एक उडवायचे, एका वेळी फुटणारा दारूगोळा कमी ठेवायचा आणि घरापाशी यंत्र ठेवून हादरा मोजायचा. धुळीसाठी ड्रिलवर पाणी आणि क्रशरवर फवारा. खर्च थोडा येतो, इच्छा जास्त लागते. ती धूळ कामगाराच्या छातीतही जाते. सिलिकोसिस झालेली माणसं मी बघितली आहेत, दोन पायऱ्या चढून थांबणारी.

एकलहरेकर, हे तुझ्याच कामाचं आहे. ब्लास्टिंगच्या वेळी ५०० मीटरचा परिसर रिकामा करतात, तेव्हा गावाच्या बाजूच्या पहाऱ्यावर एकदा स्वतः उभा राहा. गावकरी काय बोलतात ते ऐक.

पंचवटीचा नितीन

माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल आता वेगळं वाटतंय. जा मित्रा. आणि इथे लिहीत राहा.

एकलहरेकर

सर्वांचे खूप खूप आभार. उद्या रात्रीच्या गाडीने निघतोय. बाबा आज पहिल्यांदा बोलले. म्हणाले, कोळसा ओला आला की आमचे बंकर तुंबायचे, तेव्हा आम्ही खाणीवाल्यांना शिव्या द्यायचो. आता तू तिकडून बघ, ओला का येतो ते. आईने सातूचं पीठ बांधून दिलंय. जेलरोडच्या ताई, "वर आलो"चं आमच्याकडेही ठरलं.

एकलहरेकर

तीन आठवडे झाले, काय चाललंय ते लिहितो.

पहिले काही दिवस नियमाप्रमाणे व्होकेशनल ट्रेनिंग आणि मेडिकल. मग पहिली पाळी. खाणीच्या काठावर उभं राहिल्यावर तळातला शॉवेल काडेपेटीएवढा दिसतो. वर मुरूम, मग पिवळसर वालुकाश्म, आणि अगदी खाली कोळशाचा काळा पट्टा. ऊन पडलं की तो चमकतो. ढिगाऱ्याच्या एका कोपऱ्यातून धूर निघत होता, मी घाबरलो, तर ओव्हरमन म्हणाले, इथला कोळसा हवा लागली की आपणहून तापतो, म्हणून ढीग फार दिवस ठेवायचा नसतो. पुस्तकात वाचलं होतं, वास पहिल्यांदा आला.

काका, तुम्ही म्हणालात तसं झालं. दुसऱ्या आठवड्यात डंपर रोडच्या तपासणीचं रजिस्टर माझ्यापुढे आलं. हात थरथरत होता, पण तुमचं ते एकच वाक्य बोललो. सुपरवायझर थोडा वेळ बघत राहिले. मग ओव्हरमनना बोलावलं. आम्ही दोघं पूर्ण रस्ता चालत फिरलो, दीड तास लागला. सही त्यांनी केली. वळणावरचा बांध एका जागी खचलेला मिळाला, तो त्याच दिवशी भरला. कुणी रागावलं नाही. परवापासून ओव्हरमन मला स्वतः हाक मारून बरोबर नेतात.

पण आज एक विचारायचंय. काल रात्री पाऊस झाला. सकाळी तिसऱ्या बेंचच्या वर, कडेपासून साधारण चार मीटर आत, एक भेग दिसली. बोट जाईल एवढी. लांबी वीसेक पावलं. ओव्हरमनना दाखवली, त्यांनी डायरीत लिहिली आणि मॅनेजरना कळवलं. खाली शॉवेल चालू आहे. मी आणखी काय करू?

ओझरचे काका

ताबडतोब मोजायला लाग. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी पक्की ठोक, दोन जागी. दोन खुंट्यांमधलं अंतर टेपने मोज, वेळ लिही. चार तासांनी परत, मग रात्री, मग सकाळी. वाढ थांबत नसेल तर खालचं काम थांबवायला मॅनेजरना आकडा दाखव, मत सांगू नकोस. भेगेत पाणी जाऊ देऊ नका, वरच्या बाजूने चर काढा. आणि तू स्वतः एकटा त्या कडेला जाऊ नकोस, मागे माणूस हवा.

सिन्नरची लेक

काकांना +१. भेगेच्या दोन्ही टोकांना चुन्याने खूण कर, लांबी वाढली तरी कळेल. फोटो काढताना टेप शेजारी धर.

एकलहरेकर

खुंट्या काल अकरा वाजता ठोकल्या. दुपारी फरक नव्हता. रात्री ३ मिलिमीटर. आज सकाळी ६ वाजता एकूण ११ मिलिमीटर, आणि पूर्वेचं टोक चुन्याच्या खुणेच्या दोन पावलं पुढे गेलंय. आकडे मॅनेजर साहेबांपुढे ठेवले. त्यांनी स्वतः येऊन बघितलं, शॉवेल दुसऱ्या बेंचवर हलवला, खालचा रस्ता दगड लावून बंद केलाय. चर खणायचं काम चालू आहे. दहा वाजता परत मोजायला जातोय, ओव्हरमन बरोबर आहेत.